ढेकर येईपर्यंत

ॲडलेडच्या विमानतळावर मुलगी मला घ्यायला आली, तेव्हा तिच्या छातीशी कापडी झोळीत तिची लेक बांधलेली होती. माझी पहिली नात. मी बॅगा बाजूला ठेवल्या, हात स्वच्छ केले आणि तिला खांद्यावर घेतलं. पार्किंगपर्यंत पोहोचायच्या आत मानेवरून काहीतरी कोमट ओघळलं आणि कॉलरच्या आत, पाठीवर उतरलं. मुलगी घाईने कापड घेऊन पुसायला लागली.

"सॉरी बाबा. हे असंच चालू आहे. प्रत्येक वेळी दूध टाकते."

"टाकू दे की. पोरं टाकतातच," मी म्हणालो.

गाडी चालवताना ती दर सिग्नलला मान मागे वळवून सीटमधल्या बाळाकडे बघत होती, आणि दिवा हिरवा झाल्यावर मला सांगावं लागत होतं.

यायचं खरं तर तिच्या आईने होतं. आम्हा दोघांची तिकिटं झाली होती. निघायच्या थोडे दिवस आधी बायको नागपूरच्या घरी बाथरूममध्ये घसरली आणि तिचं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. मी म्हणालो, आपण नंतर जाऊ. ती ऐकेना.

"मी एका हाताने तिथे काय करणार? जावई खाणीवर, पोरगी एकटी. तुम्ही जा. माझी बहीण येऊन राहते इथे."

"मी जाऊन काय करू? मला बाळाचं काय येतं?"

"कपडे धुता येतात ना? वरण-भात लावता येतो ना? बाकी ती सांगेल तसं करा."

माझी सगळी नोकरी वीज मंडळात गेली. लाइनमन म्हणून लागलो, सुपरवायझर होऊन निवृत्त झालो. वादळात तार तुटली की निघायचं, शेताच्या बांधांवरून चालत फॉल्ट शोधायचा, सापडेपर्यंत चालायचं. निवृत्तीनंतरही माझ्या पायाला भिंगरीच आहे. जेवतानाही मी दोनदा उठतो. अशा माणसाला ज्या कामासाठी पाठवलं, ते काम पुढे निघालं एका जागी न हलता उभं राहण्याचं.

मुलीचं घर मॉसन लेक्सला, युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसजवळ. दोन मजली, शेजाऱ्याला चिकटलेलं, मागे छोटंसं अंगण आणि त्यात छत्रीसारखी गोल फिरणारी कपड्यांची दोरी. जावई उत्तरेकडच्या वाळवंटात तांब्याच्या खाणीवर इंजिनियर आहे. दोन आठवडे तिकडे कॅम्पवर, एक आठवडा घरी. मी पोहोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. जाताना दारात म्हणाला, "बाबा, तुम्ही आलात, आता मला तिकडे झोप लागेल." मला मात्र तो गेल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं.

बाळ दूध प्यायचं, आणि प्यायल्यावर टाकायचं. कधी लगेच, पातळ, जसंच्या तसं. कधी थोड्या वेळाने, आंबट वासाचं, दह्याच्या कवड्या असल्यासारखं. झबलं ओलं, दुपटं ओलं, मुलीचा टी-शर्ट ओला, सोफ्यावर अंथरलेला टॉवेल ओला. घरभर फाटलेल्या दुधाचा वास. मी मशीन लावायचो, कपडे बाहेर नेऊन दोरीवर टाकायचो. उन्हाळा होता, उत्तरेकडून कोरडा वारा यायचा, शेवटचा कपडा टाकेपर्यंत पहिला वाळलेला असायचा. ते काम मला बरं वाटायचं, कारण त्यात हालचाल होती.

मुलीचं मात्र कशातच मन लागत नव्हतं. ती सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, सध्या रजेवर होती. चूक कुठे आहे ते शोधून काढणं हाच तिचा धंदा, आणि आता तिने स्वतःलाच तपासायला घेतलं होतं. आधी कांदा सोडला. मग डाळ. मग दूध, दही, चहा. मी केलेल्या वरणाला हात न लावता नुसता भात आणि उकडलेला भोपळा खायची. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात फोन. कुठल्या कुठल्या बायांनी काय काय लिहिलेलं ती वाचत राहायची आणि मला सांगायची, "बाबा, एकीच्या बाळाला दुधाची ॲलर्जी निघाली," किंवा "एकीचं बाळ वर्षभर टाकत होतं." सांगून झालं की परत बाळाचं तोंड बघायची.

बाळाकडे बघून मला काही वाटायचं नाही. टाकून झालं की ती जिभेने ओठ चाटायची आणि पंख्याकडे बघायची. पण माझं काहीच वाटत नसणं मुलीला आवडत नव्हतं.

जावई परत आला तेव्हा नाव ठेवायचा कार्यक्रम केला. इथे स्थायिक झालेली नागपूर-अमरावतीकडची चार-पाच कुटुंबं आली, कुणी ट्रेनने, कुणी दुरून गाडीने. दिवाणखान्यात बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांनी मिळून वंदना म्हटली. वंदना चालू असतानाच बाळाने एका पाहुणीच्या पांढऱ्या साडीवर दूध टाकलं. ती बिचारी हसत म्हणाली, "नो वरीज, मला दोन आहेत." पण मुलीचा चेहरा उतरला. मग जेवताना सगळ्यांनी उपाय सांगितले. एक म्हणे हिंगाचं पाणी पोटावर लाव. एक म्हणे बाटलीचं दूध दे, ते जड असतं, खाली बसतं. एक तरुण मुलगा, ज्याचं लग्नही झालं नव्हतं, तो म्हणाला, त्याच्या मित्राने पाळण्याखाली उतरती उशी ठेवली होती. मुलीने सगळ्यांचं ऐकून घेतलं. पाहुणे जायच्या आधीच तिने फोनवरून ती उशी मागवलेली होती.

उशी आली त्याच दुपारी आमचं वाजलं. जावई पुन्हा खाणीवर गेलेला. मी म्हणालो, "उशी कशाला? कुशीवर झोपव, पाठीमागे दुपट्याची गुंडाळी लाव. तुला तसंच झोपवायची तुझी आई. टाकलं तर बाहेर पडतं, घशात जात नाही."

"बाबा, इथे कुशीवर झोपवत नाहीत. पाठीवरच. ते धोक्याचं असतं."

"मग उशी चालते?"

"मला माहीत नाही बाबा. मला काहीच माहीत नाही. तुम्ही असं काही सांगू नका ना, ज्याने मला आणखी भीती वाटेल."

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो. घराजवळच्या तळ्याला फेरी मारली, दुसरी मारली. बदकं, सायकलवाली पोरं, पाठीवर बॅगा घेऊन जाणारे आपल्याकडचे विद्यार्थी. एकाने मला बघून "नमस्ते अंकल" म्हटलं. मी मान हलवली आणि चालत राहिलो. राग मुलीवर नव्हता. मी इथे असून नसल्यासारखा आहे, हे मला सहन होत नव्हतं. परत आलो तर उशी खोक्यासकट दाराशी ठेवलेली होती. ती म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जाऊ. तुम्ही चला सोबत."

डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी बाळाचं वजन केलं, पोट दाबून बघितलं, तोंडात बघितलं. मग एकेक विचारलं. टाकलेलं हिरवं असतं का? त्यात रक्त दिसलं का? पिचकारीसारखं जोरात लांब उडतं का? लघवीच्या नॅपी कमी झाल्यात का? ताप? पिताना श्वास अडकतो का? सगळ्याला मुलीने नाही म्हटलं. वजन छान वाढत होतं.

त्या म्हणाल्या, "लहान बाळांची अन्ननळी जिथे पोटाला मिळते, तिथला झाकणासारखा भाग अजून सैल असतो. पोट एवढंसं, आहार सगळा पातळ, आणि दिवसभर आडवं राहायचं. दूध वर येणारच. बसायला लागली, घट्ट खायला लागली की कमी होत जाईल. हा आजार नाही. कपडे धुण्याचा त्रास आहे."

"पण औषध नाही का काही?" मुलीने विचारलं.

"हिला औषधाची गरज नाही. औषधाने टाकणं थांबतही नाही. आणि उशी अजिबात नको. सपाट गादी, पाठीवर. दूध टाकणाऱ्या बाळालासुद्धा तसंच."

उतरत्या उशीने डोकं पुढे पडून श्वास अडू शकतो, आणि पाठीवर झोपलेलं निरोगी बाळ वर आलेलं दूध आपलं आपण गिळतं किंवा बाहेर टाकतं, हेही त्यांनी सांगितलं. मी मनात म्हटलं, म्हणजे मीही चुकलो आणि उशीही. पण मला हलकं वाटलं. मुलीला वाटलं नाही. गाडीत बसल्यावर स्टिअरिंगला हात लावून ती तशीच बसून राहिली.

"त्यांनी नीट ऐकलंच नाही," ती म्हणाली.

"ऐकलं की. सगळं विचारलं."

"काहीतरी राहतंय बाबा. मला कळतंय, काहीतरी राहतंय."

काही दिवसांनी बाळांच्या केंद्रात नर्सकडे गेलो. नर्स वयाने माझ्याएवढी, उंच, करड्या केसांची. तिने मला बाहेर न बसवता सांगितलं, तुम्हालाही शिकायचं आहे. ती म्हणाली, रडणं म्हणजे दर वेळी भूक नसते. पोट भरलेलं असताना पुन्हा पाजलं की वरचं बाहेर येणारच. पिताना मध्ये थांबा, ढेकर काढा, आणि पिऊन झालं की वीस-तीस मिनिटं उभं धरा. मग तिने बाळ माझ्या खांद्यावर दिलं. मी सवयीने चालायला लागलो, जरा झोकेही दिले. बाळाने तिथेच दूध टाकलं.

"नका हलवू," नर्स म्हणाली. "नुसते उभे राहा."

नुसतं उभं राहणं. मी उभा राहिलो. माझा उजवा पाय आपोआप हलत होता. नर्सने त्याच्याकडे बघितलं आणि हसली.

तेव्हापासून ते काम माझं झालं. मुलीने पाजलं की बाळ माझ्याकडे. मी खिडकीपाशी उभा राहायचो, एक हात तिच्या बुडाखाली, दुसरा पाठीवर. समोर फुटपाथवर ट्रान्सफॉर्मरची हिरवी पेटी होती. इथे तारा जमिनीखालून जातात, वर बघायला काही नाही. मी त्या पेटीकडे बघत मनात हिशोब मांडायचो की हिच्यावर किती घरं असतील, केबल कुठून वळत असेल. पायांना मुंग्या यायच्या. फिरावं, दार उघडावं, निदान पंखा तरी कमी-जास्त करावा असं वाटायचं. बाळाचं डोकं मानेला टेकलेलं असायचं आणि आतून गुडगुड आवाज यायचा. मग ढेकर यायचा, मोठ्या माणसासारखा. टाकणं थांबलं नाही, पण कमी झालं. मी बायकोला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही एका जागी उभे राहून राहिले? फोटो पाठवा."

मुलगी मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेली. पाजायच्या वेळी ती आतल्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. एकदा मी बाहेरून तिचा श्वास ऐकला, दात आवळून घेतल्यासारखा. मी दारापर्यंत गेलो. विचारावं असं वाटलं. पण काय विचारायचं आणि कुठल्या शब्दांत, ते मला येत नव्हतं. मी मागे फिरलो आणि वाळलेले कपडे पुन्हा घड्या करत बसलो.

मग एके दिवशी दुपारी, बाळाने माझ्या खांद्यावर दूध टाकलं आणि मी पुसायला कापड घेतलं, तर त्यात तपकिरी-लाल रेघा होत्या. मी कापड खिडकीच्या उजेडात धरलं. पुन्हा बघितलं. डॉक्टरबाईंचा प्रश्न मला शब्दाला शब्द आठवला. बाळ माझ्याकडे बघत होतं, नेहमीसारखंच.

मी मुलीला हाक मारली. तिने कापड बघितलं आणि तिच्या हातातला पाण्याचा ग्लास सिंकमध्ये ठेवता ठेवता कलंडला. "चला," एवढंच ती म्हणाली. मी ते कापड प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि बाळाची बॅग उचलली. हॉस्पिटलपर्यंत मी मागच्या सीटवर बाळाशेजारी बसलो होतो. मुलगी पुढून सारखी विचारत होती, "श्वास नीट चाललाय ना? रंग कसा आहे?" मी सांगत होतो, नीट आहे, गुलाबी आहे. माझं बोट बाळाने धरून ठेवलं होतं.

इमर्जन्सीत आम्हाला लवकर आत घेतलं. तरुण डॉक्टर होती. तिने बाळाला तपासलं, कापड बघितलं, आणि मग बाळाला सोडून मुलीकडे वळली.

"पाजताना तुम्हाला दुखतं का?"

मुलीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तेवढं मला पुरलं. "मी बाहेर आहे," म्हणालो आणि पडदा सरकवून निघालो.

कॉरिडॉरमध्ये बसायला खुर्च्या होत्या. मी बसलो नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, परत आलो, पुन्हा गेलो. एका सफाईवाल्याने मला वाट दिली, दुसऱ्यांदाही दिली. रक्त आईचंच असेल, हे मला हळूहळू कळत होतं. आणि मुलगी रोज दार लावून एवढं सहन करत होती, कारण घरात सांगण्यासारखी बाई नव्हती. होतो तो मी. तिने मला सांगायचं कसं, आणि मी तरी काय विचारणार होतो? तिचं काही चुकलं नव्हतं. माझंही म्हणता येणार नाही. पण पाय थांबत नव्हते.

डॉक्टरने बाहेर येऊन सांगितलं की बाळ एकदम ठीक आहे. आईच्या छातीला चिरा पडल्या आहेत, पिताना त्यातलं रक्त दुधाबरोबर पोटात जातं आणि दूध टाकलं की दिसतं. थोडा वेळ थांबा, दूध पाजायचं शिकवणारी नर्स येते आहे.

मी नागपूरला फोन लावला. बायकोला जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "फोन तिच्याकडे द्या आणि तुम्ही तिथून जा."

मी पडद्यातून हात आत घालून फोन दिला. आतून मुलीचा आवाज आला, "आई," आणि मग बराच वेळ नुसतं रडणं. बायकोचा आवाजही येत होता. "अगं, मला सांगायचं ना. फोन होता की नाही हातात? काहून एकटीच सोसून राहिली तू?" पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. बाहेर पार्किंगमध्ये गेलो. संध्याकाळ होत आली होती, डांबर अजून तापलेलं होतं. गाड्यांच्या रांगांमधून मी चालत राहिलो.

त्या नर्सने मुलीला बाळ कसं धरायचं, तोंड मोठं उघडेपर्यंत कसं थांबायचं, ते हात धरून दाखवलं. बाळ नुसत्या टोकाला लागत होतं, त्यामुळे चिरा पडत होत्या आणि बाळाच्या पोटात हवाही जात होती. जखमांवर लावायला मलम दिलं. घरी येताना गाडीत मुलगी म्हणाली, "भूक लागली बाबा." मी त्या रात्री कांदा घालून वरण केलं. तिने दोनदा घेतलं.

चिरा भरायला दिवस गेले. रोज ठरलेल्या वेळी बायकोचा फोन यायचा, मुलगी तो घेऊन आत जायची आणि आता कधी कधी आतून हसण्याचा आवाज यायचा. बाळ टाकतच होतं. मध्ये तर वाढलंही, म्हणून मी पुन्हा घाबरलो. मुलगीच मला म्हणाली, "वजन वाढतंय, नॅपी ओल्या होताहेत, हिरवं नाही, लाल नाही. टाकू द्या बाबा."

व्हिसा संपत आला तेव्हा बायकोचं प्लास्टर निघालेलं होतं. मी यायचं आणि तिने जायचं, असं ठरलं. विमानतळावर मी बाळाला घेतलं नाही, कारण मला तासन्‌तास त्याच शर्टात बसायचं होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. मग आत जायच्या रांगेतून परत बाहेर आलो आणि घेतलं.

आता ते टाकणं गेलं आहे. नेमकं कधी गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. ती बसायला लागली, मऊ भात खायला लागली, आणि एके दिवशी बायको फोनवर म्हणाली की गेल्या किती दिवसांत खांद्यावर कापड घेतलेलं आठवत नाही. मुलगी पुन्हा कामावर जाते. बाळ पाळणाघरात जातं आणि तिथून सर्दी घेऊन येतं. मुलगी सांगते, "नाक वाहतंय, बाकी ठीक आहे," आणि दुसऱ्या विषयावर जाते. मी मात्र विचारत राहतो, ताप किती, पिते का, झोपली का. फोन कानाला लावून मी इथल्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत असतो. परवा तिने विचारलं, "बाबा, तुम्ही चालत बोलताय का?"

"हो," म्हणालो. "तू बोल."